नगरचे मिटलेले चेहरे

चार्ल्स डार्विनच्या एका पुस्तकात अहमदनगर जिल्ह्याचं नाव आहे. पुस्तक १८७२ सालचं, ‘द एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड अ‍ॅनिमल्स’. राग, भीती, दुःख, आनंद हे माणसाच्या आणि जनावराच्या चेहऱ्यावर कसे उमटतात, आणि तसेच का उमटतात, हा त्याचा विषय. प्रस्तावनेत डार्विन मदत करणाऱ्यांचे आभार मानत जातो. ऑस्ट्रेलियातले मिशनरी येतात, बोर्निओचे राजा ब्रूक येतात, आणि मग मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात राहणारे कोणी एच. अर्स्किन. त्यांनी तिथल्या लोकांचे चेहरे लक्ष देऊन पाहिले, पण खात्रीने सांगावं असं फार थोडं त्यांच्या हाती लागलं. कारण डार्विनने तिथेच देऊन टाकलं आहे: युरोपियन माणसासमोर आपल्या भावना लपवायची या लोकांना सवयच आहे.

आभाराच्या यादीतलं हे एक वाक्य, वाचणारा सहज पुढे जाईल असं. मला मात्र ते ओलांडता आलेलं नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड हा सारा दुष्काळी मुलूख. तिथला कुणबी साहेबापुढे कसा उभा राहिला असेल ते मराठी वाचकाला सांगायला नको. हात जोडलेले, मान खाली आणि चेहरा पाटीसारखा कोरा. चेहऱ्यांचं शास्त्र लिहायला बसलेल्या माणसाला नगर जिल्ह्याने चेहराच दाखवला नाही. आणि तरी त्या पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद तीच आहे.

पुस्तकाची मुळं चौतीस वर्षं मागे जातात. बीगल जहाजावरून परतून दीड वर्ष झालेला, एकोणतीस वर्षांचा डार्विन २८ मार्च १८३८ रोजी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला. तिथे जेनी नावाची ओरांगउटान मादी नुकतीच आली होती. थंडी बाधू नये म्हणून तिला जिराफांच्या ऊबदार इमारतीत ठेवलं होतं आणि अंगात मुलांसारखे कपडे घातले होते. राखणदाराने तिला सफरचंद दाखवलं, पण दिलं नाही. जेनीने जमिनीवर अंग टाकून दिलं, पाय झाडले, रडगाणं लावलं. दोनतीनदा असा आकांत झाल्यावर राखणदार म्हणाला, रडणं थांबवलंस आणि शहाण्यासारखं वागलीस तर देतो. ती थांबली. सफरचंद मिळताच आरामखुर्चीत उडी मारून बसली आणि तृप्त चेहऱ्याने खाऊ लागली. डार्विनने हे सगळं बहिणीला, सुझनला, पत्रात कळवलं. हट्टी मूल अगदी असंच करतं, असं त्याने लिहिलं. एरवी हा एक गमतीदार प्रसंग. पण माणूस आणि बाकीचे प्राणी एका कुळातले असावेत अशा विचाराची टिपणं त्या वर्षी त्याच्या वह्यांत साचत होती, आणि त्या वह्यांशेजारी जेनीचा रुसवा म्हणजे पुरावा होता.

या विचाराला आडवी येणारी मोठी असामी होती सर चार्ल्स बेल. बेल नामांकित शल्यविशारद. वॉटर्लूच्या लढाईतल्या जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या होत्या आणि त्यांची चित्रंही काढली होती. चेहऱ्याच्या स्नायूंवरचा त्यांचा ग्रंथ १८०६ सालचा. माणसाच्या चेहऱ्यातले काही स्नायू विधात्याने त्याला केवळ भाव व्यक्त करण्यासाठी दिले आहेत, असं त्यांचं म्हणणं. कपाळाला आठ्या पाडणारा स्नायू हा त्यांचा आवडता दाखला. डार्विनला ग्रंथ मनापासून आवडला, निष्कर्ष मात्र पटला नाही. या गृहस्थांनी माकड कधी फाडून पाहिलं होतं का, अशी शंका त्याने समासात खरडली. बेलचं खरं मानलं तर माणूस वेगळा घडवला गेला हे सिद्ध होतं. म्हणून आठी कुठून आली हा प्रश्न डार्विनसाठी माणूस कुठून आला या प्रश्नाचाच एक भाग झाला.

पहिलं मूल, विल्यम, २७ डिसेंबर १८३९ रोजी जन्मलं आणि त्याच दिवसापासून बापाने वही उघडली. शिंक, जांभई, रडणं, पहिलं हसू, सगळं तारखेनिशी. सहा महिन्यांच्या विल्यमसमोर दाईने रडण्याचं सोंग केलं, तर बाळाच्या ओठांचे कोपरे खाली वळले. त्याहून मला मोलाची वाटते ती अडीच वर्षं उलटल्यानंतरची नोंद. मुलगा जेवणघरातून बाहेर आला तो काही वेगळाच. डोळे चमकत होते, वागणं ओढूनताणून आणलेलं. डार्विनने आत जाऊन पाहिलं. नको म्हणून सांगितलेली पिठीसाखर त्याने खाल्ली होती. त्याला कधीच शिक्षा झालेली नव्हती, तेव्हा ही भीती नव्हे. खाण्याचा आनंद आणि मनाची टोचणी यांची झटापट, असं बापाने लिहिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेला मुलाने अंगावरचा एप्रन गुंडाळून धरला होता. आत काय आहे विचारलं तर म्हणाला काही नाही, जा. उघडून पाहिलं तर लोणच्याच्या रसाचे डाग. तीन वर्षांचंही नाही अशा मुलाला लपवणं जमू लागलं होतं.

जनावरांचं तसं नाही, निदान डार्विनच्या घरातल्या कुत्र्याचं नव्हतं. केंट परगण्यातल्या डाउन गावी त्याच्याकडे एक मोठा कुत्रा होता. फिरायला निघालं की मान वर, कान टवकारलेले, शेपटी उंच. वाटेत उजवीकडे एक पायवाट काचघराकडे वळायची. डार्विनची प्रयोगाची रोपं तिथे असत आणि तो क्षणभर डोकावून येई. मालकाचं अंग त्या बाजूला जरासं झुकलं की कुत्र्याचं सगळं रूप पालटायचं. डोकं खाली, अंग खचलेलं, कान आणि शेपटी एकदम गळून पडलेली. आता फिरणं होणार की नाही, या काळजीने. घरात या चेहऱ्याला नावच पडलं होतं, ‘काचघराचं तोंड’. कधी कधी डार्विन मुद्दाम, प्रयोग म्हणून, तिकडे वळे. यातून त्याने एक नियम मांडला: एका मनःस्थितीत अंग एका ढंगाने चालत असेल तर उलट्या मनःस्थितीत ते नेमकं उलट्या ढंगाने चालतं, त्या हालचालीचा काही उपयोग असो वा नसो. चवताळलेल्या कुत्र्याचे केस उभे आणि शेपटी ताठ, म्हणून लाडात आलेल्या कुत्र्याची पाठ वाकडी आणि शेपटी लवलवती. शेपूट घालणं हे मराठीत माणसाबद्दल बोलतात आणि त्यासाठी कोणाला शास्त्र शिकावं लागत नाही.

दुसरा नियम सवयीचा होता. कधीकाळी उपयोगी पडलेली हालचाल उपयोग संपल्यावरही त्या भावनेच्या मागोमाग येते. लचका तोडायला निघालेलं जनावर ओठ वर करून सुळे उघडे करतं. माणूस तुच्छतेने एका बाजूचा ओठ वर उचलतो, चावायचं मात्र नसतं. तिसरा नियम मज्जासंस्थेचा, घाम, कंप, केस पांढरे होणं यांचा. तो तितका पक्का बसला नाही, आणि डार्विनलाही त्याची अडचण जाणवत होती.

आता हे सगळं साऱ्या मानवजातीला लागू आहे का? माणसांचे वंश मुळातच वेगवेगळे, असं ठासून सांगणारे विद्वान तेव्हा युरोपात आणि अमेरिकेत बरेच होते आणि गुलामगिरीच्या समर्थकांना ते सोयीचे होते. डार्विन गुलामगिरीचा कट्टर विरोधक. जगभरच्या माणसांचे चेहरे एकाच भाषेत बोलत असतील, तर ती माणसं एकाच मुळाची हे म्हणायला बळ मिळतं. म्हणून १८६७ साली त्याने सोळा प्रश्नांचं एक पत्रक छापून घेतलं आणि साम्राज्याच्या टपालाने जगभर धाडलं. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड विस्फारतात का, भुवया वर जातात का? लाजेने चेहरा लाल होतो का, आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते? खिन्न माणसाच्या ओठांचे कोपरे खाली वळतात का? रुसलेली मुलं ओठ काढतात का? होकाराला मान वर-खाली आणि नकाराला आडवी हलते का? सोबत एक विनंती होती, मला ती फार आवडते. स्मरणावर विसंबू नका, अशा बाबतीत स्मरण फसवतं. जे डोळ्यांनी पाहाल तेच प्रसंगासह लिहा.

छत्तीस उत्तरं आली. लिहिणारे जवळजवळ सगळे गोरे: मिशनरी, अधिकारी, खाणीचा इंजिनिअर. ठळक अपवाद दक्षिण आफ्रिकेतला. सँडिली या सरदाराच्या भावाने, ख्रिश्चन गाइकाने, आपल्याच लोकांविषयी स्वतः इंग्रजीत लिहून पाठवलं. नगरच्या अर्स्किन यांनी कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही माहिती मिळवली आणि काही मुद्द्यांवर सुज्ञ एतद्देशीय गृहस्थांचा सल्ला घेतला. हे गृहस्थ कोण, ते पुस्तकात नाही. नगरचा एखादा वकील असेल, एखादा शाळामास्तर असेल. डार्विनच्या प्रश्नांना बहुधा पहिली मराठी उत्तरं ज्यांनी दिली त्यांची नावं छापली गेली नाहीत याची मला खरोखर हळहळ वाटते.

मान डोलावण्याबाबत हिंदुस्थानातून आलेली उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत. आपली मान हो म्हणतानाही आडवी डुलते, तेव्हा साहेबाचा गोंधळ होणारच. पण अर्स्किन यांची खरी अडचण मानेची नव्हती. त्या वर्षांतला नगर जिल्हा आठवून पाहावा. भागोजी नाईकांच्या मागे उभा राहिलेला भिल्लांचा उठाव १८५९ मध्ये मोडून काढला गेला होता, त्याला दहा वर्षंही झाली नव्हती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता. सावकाराची खतं फुगत होती आणि त्या खतांवर हुकूमनामा देणारं कोर्ट साहेबाचं होतं. अशा साहेबाने तुमच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, तर तुम्ही काय कराल? आठच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली आणि ते लोण नगर जिल्ह्यातही पोचलं. राग त्या चेहऱ्यांमागे होताच. तो कोणापुढे दाखवायचा आणि कोणापुढे नाही, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

डार्विनचा मोठेपणा असा, की अडलेली गोष्ट त्याने गाळली नाही. हाच प्रामाणिकपणा पॅरिसच्या डॉक्टर द्युशेन यांच्या छायाचित्रांबाबतही दिसतो. द्युशेन चेहऱ्याच्या एकेका स्नायूवर वीज लावून तो आखडवत आणि त्याचं छायाचित्र घेत. त्यांचा मुख्य नमुना होता दात पडलेला एक म्हातारा. त्याच्या चेहऱ्याची कातडी बधिर होती, म्हणून विजेने त्याला वेदना होत नसत. १८६२ मध्ये हा संग्रह प्रसिद्ध झाला. डार्विनने ती चित्रं मजकूर वाचत वाचत पाहिली तेव्हा जवळजवळ सगळीच हुबेहूब वाटली. मग त्याला शंका आली. त्याने काही चित्रं वीसहून अधिक माणसांना, खाली काय लिहिलंय ते न सांगता, दाखवली. काही चित्रांवर सगळ्यांचं एकमत झालं. काहींवर प्रत्येकाने वेगळंच सांगितलं. विजेने ओढून आणलेल्या हास्याचं चित्र चोवीस जणांपुढे ठेवलं. तिघांना तो भाव कसला तेच कळेना, बाकीच्यांना हसू दिसलं, पण ‘हसायचा प्रयत्न’, ‘कुत्सित थट्टा’ असलं. कारण ओठ वर गेले होते आणि डोळ्यांभोवतीचा स्नायू थंड होता. तो स्नायू हुकमाने हलत नाही, खऱ्या आनंदानेच हलतो, असं द्युशेन यांचं म्हणणं. मजकूर वाचला नसता तर आपणही काही चित्रांपुढे गोंधळलो असतो, अशी कबुली डार्विनने देऊन टाकली. पाहणाऱ्याची कल्पनाच पाहण्यात शिरते, हे त्याला इतक्या लवकर उमगलं होतं.

दुःखाच्या भुवयांवर त्याने सर्वांत जास्त कष्ट घेतले. भुवयांची आतली टोकं वर चढतात आणि कपाळाच्या मधल्या भागात तेवढ्याच आठ्या पडतात, तो चेहरा. हे मुद्दाम करायला गेलं तर फार थोड्यांना जमतं. त्याची उपपत्ती डार्विनने तान्ह्या मुलात शोधली. मूल जोरात रडतं तेव्हा डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो आणि डोळ्यांभोवतीचे स्नायू डोळ्याला सावरायला घट्ट आवळले जातात. हे खरं का, ते उट्रेख्टच्या डोंडर्स या शरीरशास्त्रज्ञाने त्याच्यासाठी तपासून दिलं. मोठं माणूस रडणं दाबतं. पण स्नायू जुन्या सवयीने आवळू पाहतात, आणि त्यांना अडवायला कपाळाचा मधला स्नायू वर खेचतो. दुःखी भुवई म्हणजे दाबलेल्या किंकाळीची खूण. आगगाडीच्या डब्यात एकदा समोर बसलेल्या वृद्ध बाईच्या ओठांचे कोपरे किंचित खाली ओढलेले त्याला दिसले. यात काय अर्थ असणार, असं मनात येतंय तोच तिचे डोळे भरून आले. एखादं गमावलेलं मूल आठवलं असावं, असं त्याने लिहिलं. दहा वर्षांची ॲनी त्याने १८५१ मध्ये गमावली होती.

पुस्तक नोव्हेंबर १८७२ मध्ये निघालं आणि पहिल्याच दिवशी पाच हजारांहून अधिक प्रती गेल्या. शंभर वर्षांनी त्याच्यावरून पुन्हा वाद पेटला. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना छायाचित्रं दाखवली आणि चेहऱ्याची भाषा सर्वत्र एकच असल्याचा पक्ष घेतला. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांना तो मान्य नव्हता. शस्त्रक्रियेसारखी अंगावर काटा आणणारी दृश्यं एकमन यांनी जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना दाखवली. एकटे असताना दोघांचे चेहरे सारखेच वाकडे झाले. संशोधक खोलीत येऊन बसल्यावर जपानी विद्यार्थ्यांनी ते हसण्याखाली झाकले. या प्रयोगाच्या अर्थावर आजही मतभेद आहेत. मला तो वाचताना नगर आठवलं. कुत्र्यांवरचं अलीकडचं संशोधन तर डार्विनला चकित करून गेलं असतं. भुवईचं आतलं टोक वर उचलणारा स्नायू पाळीव कुत्र्यात भरलेला असतो, लांडग्यात तो जेमतेम असतो. आणि माणसाचं तोंड आपल्याकडे आहे असं दिसलं की कुत्र्याच्या चेहऱ्यावरच्या हालचाली वाढतात. कोण पाहतंय, याची जाण काचघराच्या तोंडालाही असावी.

त्या सोळा प्रश्नांच्या पत्रकाला आलेल्या उत्तरांत डार्विनने ज्याला सर्वांत जास्त मान दिला तो जॉन स्कॉट, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा क्यूरेटर. एडिंबरोच्या बागेतला हा माळी डार्विनशी पत्रव्यवहार करी. त्याच्या हिंदुस्थानच्या प्रवासाचा खर्च डार्विननेच उचलला होता. रोपं निरखायची सवय त्याने माणसांकडे वळवली. आजारपणाने आणि गरिबीने आपली लाडकी शेळी विकावी लागलेला एक माणूस त्याने पाहिला. पैसे हातात घेऊन तो एकदा पैशांकडे बघे, एकदा शेळीकडे. जवळ गेला तर शेळी मागच्या पायांवर उभी राहून त्याचे हात चाटू लागली. अखेर मनाशी ठरलं तेव्हा त्याच्या भुवया तिरक्या झाल्या. मोठा सुस्कारा सोडून तो रडला, दोन्ही हात वर करून शेळीला आशीर्वाद दिला आणि मागे न पाहता निघून गेला.

दुसरी नोंद एका बाईची. उद्यानातल्या एका माळ्याची अगदी तरुण बायको, नागपूरकडची ‘धांगर’. कलकत्त्यात तेव्हा छोटा नागपूरहून आलेल्या उरांव मजुरांना धांगर म्हणत, तेव्हा ती बहुधा तिकडची असावी, आपल्या धनगरांपैकी नव्हे. मांडीवर बाळ होतं, आणि ते शेवटच्या घटका मोजत होतं. स्कॉट झाडांच्या आडोशाला उभा राहून पाहत होता. साहेब दिसला की चेहरा मिटतो, हे त्यालाही कळलं असणार. भुवयांची आतली टोकं वर गेलेली, पापण्या जड, कपाळाच्या मध्ये आठ्या, तोंड किंचित उघडं, ओठांचे कोपरे खाली ओढलेले. डार्विनला हवं होतं ते सगळं त्या चेहऱ्यावर होतं. मग स्कॉट झाडांमागून पुढे आला आणि तिच्याशी बोलला. ती दचकली, धाय मोकलून रडू लागली, आणि माझ्या बाळाला बरं करा म्हणून त्याला विनवू लागली.

बाळाचं पुढे काय झालं ते पुस्तकात नाही. पुढचं वाक्य शेळीवाल्याचं आहे.